एकेरीवर आलो त्याची गोष्ट

"जो माणूस पीएचपीत दुहेरी अवतरणचिन्ह वापरतो, त्याच्या घरी मी मुलगी देणार नाही," असं मी एकदा नागपुरात सीताबर्डीवरच्या एका टपरीवर चार जणांच्या देखत बोललो होतो. मला मुलगी नाही. त्या वेळी लग्नही व्हायचं होतं. पण एकेरी अवतरणात लिहिलं की वेबपान लवकर उघडतं हे गुपित मला नुकतंच कळलं होतं, आणि गुपित कळलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या सोयरिकी मोडण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

एचटीएमएल हे वेबपानाचं मुकं अंग. इथे शीर्षक, इथे फोटो, इथे ठळक अक्षर, एवढंच त्याला कळतं. त्यात रोजचा माल भरायचा, म्हणजे नावं, तारखा, वर्गणीचे आकडे, तर मधे मधे सर्व्हरवर चालणारी भाषा पेरावी लागते. पीएचपी ही तशी पेरायची भाषा. रासमुस लेरडॉर्फ या ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या गृहस्थानं 1994 मध्ये, आपला बायोडेटा किती लोक बघून जातात हे मोजण्यासाठी तिची सुरुवात केली आणि 1995 मध्ये ती लोकांना वाटून टाकली. या भाषेचा जन्मच 'मला कोण बघतंय' या काळजीतून झाला. मला ती लगेच जमली यात काही नवल नाही.

तर गुपित असं, की या भाषेत मजकूर एकेरी अवतरणात लिहिला तर तो जसाच्या तसा उमटतो. दुहेरीत लिहिला तर सर्व्हर आत डोकावतो, आणि डॉलरचं चिन्ह लावलेला एखादा 'चल' सापडला तर त्याला उठवून त्याच्या जागी खरा माणूस बसवतो. 'नमस्कार, $नाव' हे एकेरीत लिहा, पानावर तेच दिसेल, डॉलरसकट. दुहेरीत लिहा, "नमस्कार, यशोदाबाई" होईल. (चलाचं नाव देवनागरीत ठेवलेलं पीएचपीला चालतं. आमच्या नागपूरच्या मित्रांना चालत नाही.) आता डोकावायला वेळ लागणारच. म्हणून शहाण्यानं एकेरीत लिहावं, चल बाहेर काढावा आणि टिंब देऊन जोडावा. टिंबापेक्षा स्वल्पविराम बरा, असा एक उपपंथ होता. त्या पंथाच्या माणसाशी मी दोन वर्षं बोलत नव्हतो.

वरठीच्या माणसाला एकेरी-दुहेरीतला हा फरक समजायला पुस्तक लागत नाही. आमच्या गावच्या स्टेशनाचं नाव भंडारा रोड. हावडा-मुंबई मार्गावर, नागपूरच्या पूर्वेला साठेक किलोमीटरवर गाडी थांबते. माणूस पाटी वाचतो, पिशव्या गोळा करून उतरतो, बघतो तर भंडारा नाही. नुसता रोड आहे. भंडारा अजून दहा-बारा किलोमीटर. पाटीवर नाव एकेरी अवतरणात रंगवलंय, आत माल नाही. देव्हाडीला तुमसर रोडची तीच कथा. माझे बाबा भंडारा रोडला पार्सलच्या कामावर होते. नोकरीभर त्यांनी किती उतारूंना 'हे भंडारा नाही, वरठी होय' म्हणून सांगितलं असेल याची मोजदाद नाही. उतारूचा चेहरा पडायचा. बाबा त्याला ऑटोपर्यंत पोचवून यायचे आणि घरी जेवताना सांगायचे, "आज तीन जण भंडाऱ्याले लावून देल्ले." जणू भंडारा यांनीच वसवलं.

पीएचपीनंही मला वरठीची ओळख करून दिली, ती अशी. शब्दाची लांबी मोजायचं एक साधं फंक्शन आहे. त्यात मी कौतुकानं 'वरठी' टाकलं. उत्तर आलं 12. बाबांच्या हिशेबानं अक्षरं तीन. ठ ची वेलांटी वेगळी धरली तर चार. पण ते फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. चार त्रिक बारा. मी मात्र काही दिवस असं समजून होतो की ते भंडाऱ्यापर्यंतचं अंतर सांगतंय.

आता मूळ मुद्दा बाजूला ठेवून मी मेजर कँडींकडे जातो. घरी हा विषय निघाला की बायको कुकर लावायला उठते. तुमचाही कुकर व्हायचा असेल तर लावून या.

मराठीला अवतरणचिन्हं मुळात नव्हतीच. मोडी लिहिणारे तर दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं; कुठला सदरा कुणाचा, ते घरच्यांनी ओळखावं. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी पाहुणेमंडळी इंग्रजांबरोबर आली, आणि त्यांना मराठीत रीतसर घरं बांधून देण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडींना दिलं जातं. मोल्सवर्थच्या 1831च्या मराठी-इंग्रजी कोशासाठी खपले, तेच हे कँडी. 1850 मध्ये त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाचं पुस्तकच काढलं. मला या माणसाविषयी अपार माया आहे. फौजेतला मेजर, आणि लढाई कशाशी, तर स्वल्पविराम न देणाऱ्या लोकांशी! माझा नागपूरचा तो उपपंथी मित्र त्या काळी असता तर कँडींनी त्याला सुभेदार केला असता.

पण मला रात्री झोपू न देणारा प्रश्न वेगळाच आहे. कँडी यायच्या आधी शेकडो वर्षं मराठी माणसं एकमेकांचं बोलणं एकमेकांना सांगत होतीच ना? ती कशी? तर मराठीनं एक नामी युक्ती केली होती. तिनं अवतरण उघडायचंच नाही असं ठरवलं, फक्त बंद करायचं. 'येतो असं म्हणाला.' 'पैसे नाहीत म्हणून सांग.' दुसऱ्याचं बोलणं कुठून सुरू झालं याचा पत्ता नाही. संपलं कुठे, तेवढं 'असं' आणि 'म्हणून' सांगतात. जुन्या कागदांत 'ऐसे' आणि 'म्हणोन' हेच काम करताना दिसतात. संस्कृतातल्या 'इति'चीही रीत हीच. पीएचपीपुढे असं एकुलतं चिन्ह ठेवलं तर ती त्यालाच सुरुवात समजते, शेवट शोधत फाइलच्या टोकापर्यंत धावते आणि तिथे काहीच सापडलं नाही की 'फाइल अनपेक्षितपणे संपली' म्हणून बोंब ठोकते. माझी आत्या वरठीहून भंडाऱ्यापर्यंत ऑटोत तीन बायांचं भांडण सांगायची: "ते म्हने मी नाही देत म्हने, मंग हे म्हने ठेव तुझ्यापाशी म्हने, मंग सासू म्हने मले काहून मधात घेता म्हने." एकही चिन्ह न उघडता, तीन पातळ्या खोल. आणि कोण काय म्हणालं हे ऑटोवाल्यासकट सगळ्यांना कळायचं. एकदा तर तो मध्येच म्हणाला, "सासूचं बराबर आहे." आत्याची फाइल कधीच अनपेक्षितपणे संपली नाही. भंडारा यायचं, पण फाइल संपायची नाही.

आणखी एक, मग सोडतो. शाळेच्या व्याकरणात नियम असा, की बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील तर दुहेरी अवतरण, आणि एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर एकेरी. पीएचपीत बरोबर उलटं: जसंच्या तसं हवं तर एकेरी. मी दोन्ही शाळांत पहिला नंबर काढलेला माणूस, त्यामुळे माझ्या मराठी पत्रांत आणि पीएचपीत दोन्हीकडे चुका सापडतात.

कुकर झाला असेल तर परत या.

मराठीत अपॉस्ट्रॉफी नसते, त्यामुळे मजकुराच्या पोटातच एकेरी चिन्ह येऊन माझं अवतरण अकाली बंद होईल, ही इंग्रजी लिहिणाऱ्यांची धास्ती मला कधी वाटली नाही. तसं मी बोलूनही दाखवायचो: "आपल्या भाषेत हा प्रॉब्लेमच नाही." मग मी वधूवरांच्या नोंदणीचा एक फॉर्म केला आणि पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थानं पत्ता भरला: 'मातृछाया', शिक्षक कॉलनी. घराला नाव दिलं की ते अवतरणात घालायचं, ही मराठी मध्यमवर्गाची रीत मी पार विसरलो होतो. माझी डेटाबेसला दिलेली आज्ञा 'मातृछाये'च्या उंबऱ्यावरच संपली आणि उरलेला पत्ता आज्ञाच आहे असं समजून डेटाबेस चिडला. म्हणजे कुणा वाईट माणसानं तिथे पत्त्याऐवजी खरीच आज्ञा लिहिली असती तर डेटाबेसनं ती मुकाट्यानं पाळली असती. मजकुराचं फर्मान होणं म्हणजे काय, हे खरं तर ज्या भाषेत 'ध चा मा' हा वाक्प्रचार आहे तिला शिकवायला नको.

यावर उपाय म्हणजे अवतरणाआधी उलटी तिरकी रेघ मारायची, म्हणजे ते निव्वळ अक्षर ठरतं. त्या काळी काही सर्व्हर ती रेघ आपण होऊन मारत. त्या सोयीचं नाव 'मॅजिक कोट्स'. जादूच ती, 2012च्या 5.4 आवृत्तीत काढून टाकावी लागली. पुढे फॉर्म अशाच एका सर्व्हरवर गेला; तो मारतोय हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मीही मारली. गृहस्थांनी पुन्हा नोंद केली तेव्हा 'मातृछाये'च्या दोन्ही अंगांना एकेक रेघ आली. फोन नंबर दुरुस्त केला, तीन झाल्या. मुलीची उंची दुरुस्त केली, सात झाल्या. मग त्यांचा फोन आला. अत्यंत सभ्य माणूस. म्हणाले, "तुम्ही घराला कुंपण घालून देलं, छानच झालं. फाटक कोठी आहे तेवढं सांगा, पाहुणे विचारत आहेत."

एवढ्यानं अक्कल आली असती तर पुढचं घडलं नसतं.

गावातल्या एका भजनी मंडळाचं संकेतस्थळ मी फुकट केलं होतं. बाबा त्या मंडळात खंजिरी वाजवायचे. ते गेल्यावर दुसऱ्या वर्षी मंडळाचे सचिव म्हणाले, "भाऊ, पान उघडेपर्यंत एक भजन होते." ही तक्रार होती, पण मला ते आमंत्रण वाटलं. मी फाइली उघडल्या आणि मला घाम फुटला: सगळीकडे दुहेरी अवतरणं! माझ्याच शिकाऊ वर्षांतली. म्हणजे ज्या माणसाच्या घरी मी मुलगी देणार नव्हतो, तो मीच.

त्या रात्री मी एकेरीवर आलो. मराठीत एकेरीवर येणं म्हणजे मान सोडून बोलणं, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. रात्री दोनपर्यंत मी नीट काम केलं, एकेक ओळ फोडून चल बाहेर काढले, टिंबांनी जोडले. दोनची मालगाडी गेली आणि मलाही झोप आली. उरलेल्या फाइलींवर मी 'शोधा आणि बदला' सरसकट फिरवलं. पानं उघडून बघितली नाहीत. ज्याला नियम ठाऊक आहे तो बघत बसत नाही.

सकाळी सचिवांचा फोन आला. मुखपृष्ठ छान होतं. कार्यक्रमांचं पान छान होतं. 'दिवंगत सदस्य' या पानावर काळ्या चौकटीत, खाली खाली, एकेचाळीस वेळा लिहिलं होतं: 'कै. $नाव यांना भावपूर्ण श्रद्धांजली.'

"हे डॉलर कोन होत?" सचिवांनी विचारलं. "आपल्या मंडळात अमेरिकेचं कोनी नव्हतं."

मी घाईघाईनं फोन घेऊन बसलो, तर आई आधीच तिच्या मोबाइलवर ते पान उघडून बसली होती. सचिवांच्या घरून तिला लिंक आली होती. तिनं चष्मा वर केला, खाली केला, आणि शांतपणे म्हणाली, "हे बरं केलं तू. कोनाचं नाव घ्या लागत नाही."

आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नाही. 'अहो' होतं, 'हे' होतं, शेजारी बोलताना 'आमच्या घरचे' होतं. मतदार यादीवाला आला की ती मला पुढे करायची. नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, लग्नात एकदा आणि माझ्या बारशाला एकदा, असं मावशी सांगते. उखाण्यांच्या छापील पुस्तकात बघा: दोन ओळींचं यमक तयार असतं आणि मधे टिंबं टिंबं रावांचं नाव घेते. ती टिंबं म्हणजे चल. पुस्तक एक, बाया हजार, आणि प्रत्येकीच्या तोंडी तिथे वेगळा माणूस. टिंबं टिंबं तशीच वाचणारी नवरी आजपर्यंत कुणी पाहिलेली नाही. ते काम मी केलं. बाबांसकट एकेचाळीस जणांची मी टिंबं केली, पान जलद उघडावं म्हणून.

आणि तेही उघडलं नव्हतंच. सगळी दुहेरी अवतरणं परत बसवल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा, दहा वर्षं जे छातीठोक सांगत होतो ते मोजून बघितलं. तीच ओळ एकेरीत दहा लाख वेळा, दुहेरीत दहा लाख वेळा. फरक इतका किरकोळ, की पुन्हा मोजलं तर एकेरी हरायचं, पुन्हा मोजलं तर जिंकायचं. कारण अवतरणं एकदाच वाचली जातात, पीएचपी फाइल उलगडून आपल्या भाषेत उतरवते तेव्हा. आत चल नसेल तर त्या उतरलेल्या रूपात एकेरी आणि दुहेरी ओळखूसुद्धा येत नाहीत. 2013च्या 5.5 आवृत्तीपासून तर उतरवलेलं जपून ठेवायची सोयही बरोबरच येते, म्हणजे दर वेळी वाचणंही नाही. 2015च्या सातव्या आवृत्तीत दुहेरीतले चल जोडण्याची रीतच आणखी सुधारली. (पाचव्यानंतर सहावी आलीच नाही. काम सुरू झालं, मग सोडून दिलं. आमच्या गावच्या बऱ्याच कामांसारखं, फरक एवढाच की त्यांनी भूमिपूजनाची पाटी लावली नाही.)

पान अडत होतं ते दोन जागी. एक, मुखपृष्ठावर अध्यक्षांचा सत्काराचा फोटो होता, कॅमेऱ्यातून आला तसाच चढवलेला, चार एमबीचा. अध्यक्ष दिसायचे अंगठ्याएवढे, पण यायचे हत्तीसारखे. दुसरं, सभासदांची यादी दाखवताना मी प्रत्येक नावासाठी डेटाबेसकडे वेगळा हेलपाटा घालत होतो. मीठ आणायला भंडाऱ्याला जायचं, वरठीला यायचं, मग तेलासाठी पुन्हा भंडारा. एकाच फेरीत पिशवी भरून आणता येते, हे बाबांनी मला पाचवीत असताना शिकवलं होतं. फोटो लहान केला, हेलपाटा एक केला, पान चटकन उघडलं. दोन्हीला मिळून पाऊण तास. तोही अध्यक्षांना फोन करण्यात गेला, कारण फोटो लहान करणं म्हणजे आपल्याला लहान करणं, असा त्यांचा समज झाला होता.

संध्याकाळी मी आईला म्हटलं, आता बघ. तिनं पान उघडलं. एकेचाळीस नावं परत आपापल्या जागी आली होती, आडनावांसकट. ती हळूहळू खाली जात राहिली. बाबांचं नाव एकोणतिसावं. तिथे थांबली आणि तिनं नावावर बोट ठेवलं. वाचलं नाही, नुसतं ठेवलं. जरा जास्त वेळ ठेवलं, त्यामुळे मोबाइलला वाटलं हिला काही करायचंय. नाव निळं झालं आणि वर एक छोटी पट्टी आली.

"हे काय विचारून राह्यलं?" ती म्हणाली.

"या नावाची कॉपी पाहिजे का, असं विचारतंय."

आईनं बोट काढलं नाही. "नाही म्हन त्याले," ती म्हणाली. "आहे माझ्यापाशी."